शारदेची चार पानं

(दृश्य : हरिपूर. सकाळ. घाटाच्या पायऱ्या आणि पाणी.)

कृष्णेला वारणा येऊन मिळते ती ही जागा. हरिपूर. संगमेश्वराचं देऊळ, घाट, आणि गावात हळद साठवायची जुनी पेवं. सांगली इथून हाकेच्या अंतरावर.

गोविंद बल्लाळ देवल या गावचे. त्यांनी सात नाटकं लिहिली. त्यातली सहा संस्कृत आणि इंग्रजी साहित्यावरून घेतलेली. संपूर्ण स्वतःचं असं एकच, ‘संगीत शारदा’. किर्लोस्कर नाटक मंडळीनं ते १८९९ च्या जानेवारीत इंदूरला पहिल्यांदा केलं. देव नाहीत, राजे नाहीत, पुराण नाही. पैशासाठी पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला एक बाप, आणि ती पोर. तोवर संगीत नाटकात असली घरगुती, जवळची गोष्ट फारशी आली नव्हती.

(दृश्य : शाळेचा वर्ग. मागचे बाक. कागद, फूटपट्टी, कात्री.)

नववीच्या मुलांनी मराठीच्या तासाला ‘शारदा’ वाचायला घेतलं आणि स्नेहसंमेलनात त्यातले काही प्रवेश करायचं ठरवलं. तालमीत काम मिळालं बारा जणांना. उरलेल्यांपैकी सहा जणांवर बाईंनी नाटकाची पत्रिका सोपवली. आमचा कॅमेरा तीन आठवडे या सहा जणांसोबत राहिला.

ए-फोर आकाराचा कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात. एवढीच जागा. पाचवं पान हवं असेल तर थेट आठ पानं करावी लागतात, मग दुसरा कागद, पिना आणि खर्च. मुलांनी पहिल्याच दिवशी वर्गणीचे पैसे मोजले आणि चार पानांवर शिक्कामोर्तब केलं.

मुखपृष्ठ तासाभरात ठरलं. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कमळ नको, मोर नको, मुंडावळ्या हव्यात, आणि त्या बांधलेला चेहरा दिसायला नको. झालं.

खरी झटापट आतल्या पानांवर.

दुसऱ्या पानावर नाटकाची ओळख द्यायची होती. एका मुलानं पहिल्याच वाक्यात लिहून आणलं, की या नाटकामुळे शारदा कायदा झाला. महाराष्ट्रात ही समजूत इतकी घट्ट बसलेली आहे, की मोठमोठी माणसंही ते ठासून सांगतात. बाईंनी त्याला ग्रंथालयात पाठवलं. तो परत आला तो वहीत दोन ओळी लिहून. बालविवाहाला आळा घालणारा तो कायदा १९२९ सालचा. तो मांडणारे गृहस्थ अजमेरचे, हरबिलास सारडा. त्यांच्या आडनावावरून कायद्याला नाव पडलं आणि मराठी माणसाच्या कानाला त्यात शारदा ऐकू आली. त्या कायद्यात मुलीच्या लग्नाचं किमान वय होतं १४ आणि मुलाचं १८.

मग तो वाक्य खोडायला बसला, आणि खोडता खोडता थांबला. म्हणाला, बाई, नाटक १८९९ चं, म्हणजे कायद्याच्या तीस वर्षं आधीचं. मग तेव्हा काय होतं? तेव्हा होता तो १८९१ चा संमतिवयाचा कायदा. त्यानं मुलीशी शरीरसंबंधासाठीचं किमान वय १२ केलं होतं, पण लग्नाच्या वयाला हात लावला नव्हता. आणि त्याच्याही आधी, मुंबईत, लहानपणी लागलेलं लग्न मला मान्य नाही असं कोर्टात सांगणाऱ्या रखमाबाई. एका चुकीच्या वाक्याच्या जागी आता चार खरी वाक्यं आली. जागा पुरेना म्हणून त्यानं नाटककाराचा फोटो लहान केला. माझ्या मते बरोबर केलं.

कथानक कुठवर सांगायचं यावरही बराच वाद झाला. भुजंगनाथ म्हातारा आहे, श्रीमंत आहे, भद्रेश्वर दीक्षितांनी सोयरीक जुळवली आहे, कोदंड नावाचा तरुण हे लग्न मोडायला धडपडतोय, इथवर सगळ्यांचं एकमत. पुढचं लिहायचं नाही, असं एका मुलीचं ठाम म्हणणं. ‘शारदेचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं’ असं कुणीतरी म्हणालं, तर ती म्हणाली, ‘मला नव्हतं ठाऊक.’ प्रश्न मिटला. मीही तो शेवट इथं सांगणार नाही.

(दृश्य : पेटीवर एक मुलगा सूर धरतो.)

तिसऱ्या पानावर पदं. पूर्वी नाटक कंपन्यांच्या पदांची छोटी पुस्तकं निघायची, लोक ती विकत घ्यायचे आणि घरी नेऊन गायचे. मुलांनी दोनच पदं निवडली. पदं छापायला कुणाची परवानगी लागेल का, हाही प्रश्न निघाला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या लेखनावरचा हक्क संपतो. देवल १९१६ साली गेले. तेव्हा ही पदं आता सगळ्यांची आहेत.

‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान.’ ही ओळ महाराष्ट्रात म्हण झाली आहे. पण पाऊणशे म्हणजे किती, हे सहापैकी चौघांना माहीत नव्हतं. एकानं एकशे पंचवीस सांगितलं. तेव्हा पदाखाली बारीक अक्षरात अर्थ आला : पाऊणशे म्हणजे ७५. ‘मूर्तिमंत भीति उभी मजसमोर राहिली’ या ओळीला मात्र कुणाला अर्थ विचारावा लागला नाही.

चौथं पान नावांचं. हे पान मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. प्रयोग संपला की पडदे उतरतात, भाड्याची नऊवारी परत जाते, रंगभूषा खोबरेल तेलानं पुसली जाते. घरी जातो तो हा कागद. मी शाळेत असताना एका नाटकात दोन तास पडद्याची दोरी धरून उभा होतो. पत्रिकेत माझं नाव नव्हतं. आईनं ती पत्रिका दोनदा वाचली होती, ते अजून आठवतं. म्हणून या मुलांनी पडदा ओढणारा, पिण्याचं पाणी आणणारी, पदं ऐनवेळी पाठ करून घेणारी अशी एकेक नावं गोळा करताना बघून मला फार बरं वाटलं. नावं प्रवेशाच्या क्रमानं घालायची, असं आधी ठरलं होतं.

आणि इथंच, पात्रपरिचयाशी, गाडी अडली.

पहिला खर्डा असा होता. कांचनभट, पैशाचा लोभी गृहस्थ. इंदिराकाकू, त्याची बायको. शारदा, त्याची मुलगी. वल्लरी, शारदेची मैत्रीण. वर्षानुवर्षं पात्रं अशीच लिहिली जातात, आपण वाचून पुढे जातो. पण शारदेचं काम करणारी मुलगी तालमीतून पाणी प्यायला आली, तिनं कागद उचलला आणि म्हणाली, ‘अख्ख्या नाटकात तिचा बाप हेच म्हणतो ना, माझी मुलगी आहे, मी वाटेल ते करीन. मग आपणही तेच छापायचं?’

दोन दिवस खल झाला. ‘उपवर मुलगी’ सुचलं, खोडलं. ‘नाटकाची नायिका’ सुचलं, तेही पुचाट वाटलं. शेवटी त्यांनी यादी उलटी केली. पहिलं नाव शारदेचं. खाली कांचनभट, शारदेचे वडील. इंदिराकाकू, शारदेची आई. भुजंगनाथ, शारदेशी लग्न करायला निघालेले श्रीमंत म्हातारे. आणि शारदेच्या नावापुढे काहीच नाही.

(दृश्य : डीटीपीचं दुकान. संगणकाचा पडदा.)

मोबाईलवर टाइप केलेला मजकूर छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात. ‘हिरण्यगर्भ’मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला, ‘भद्रेश्वर’चे दोन तुकडे झाले. मुलांनी लाल पेन घेऊन मुद्रितं तीनदा तपासली. तिसऱ्या वेळी चौथ्या पानावर त्यांना एक नवी ओळ सापडली. ऑपरेटर काकांनी मोकळी जागा बघून स्वतःच भरून टाकली होती : शारदा, कांचनभटाची मुलगी.

‘अगं, राहिलं होतं की ते,’ काका म्हणाले. ‘मी घातलं.’

‘नाही काका. ते तसंच हवंय,’ सहा जणांतली एक मुलगी म्हणाली.

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मग पडद्याकडे. माऊस हातात घेतला, ओळ निवडली आणि पुसली.

‘एवढंच?’

‘एवढंच.’

दोनशे प्रती निघाल्या. शाई अजून ओली होती.