परकराची नाडी कुठं बांधता?

नमस्कार श्रोतेहो.

मी रुग्णालयात समाजसेविका आहे. माझं टेबल डायलिसिस विभागाच्या दाराला लागूनच. दोन्ही किडन्या कामातून गेल्या असं कळलं की माणूस डॉक्टरांसमोरून उठतो आणि माझ्यापुढं येऊन बसतो. तिथं क्रिएटिनिनबद्दल, म्हणजे रक्ततपासणीतल्या किडनीच्या आकड्याबद्दल, कुणी विचारत नाही. "ताई, दर खेपेला सोबत कोण येणार?" हा प्रश्न मात्र ठरलेला.

डायलिसिस, म्हणजे किडनीऐवजी रक्त साफ करणं, दोन तऱ्हेचं. मशिनवरचं आपल्या ऐकण्यात असतं: आठवड्यातून 3 वेळा, आपल्याकडे पुष्कळांचं 2 वेळाच, दर खेपेला साधारण 4 तास, हातातल्या फिस्टुलाला, म्हणजे त्यासाठी ऑपरेशन करून जोडलेल्या शिरेला, दोन जाड सुया. दुसरं पोटाचं. पोटात मऊ नळी बसवतात, तिच्यातून 2 लिटर औषधी पाणी आत सोडायचं, काही तासांनी ते काढून नवं भरायचं. दिवसातून तीन-चार वेळा, आपल्याच घरी. काहींना यातलं एकच चालतं, ते डॉक्टर सांगतात. दोन्ही चालण्यासारखी असली, की रिपोर्ट बाजूला पडतात आणि घर पुढं येतं.

एक मावशी आल्या होत्या, मुलगा आणि सून सोबत. गाव आडबाजूला. मशिनवर यायचं तर पहाटेची एसटी धरायची. योजनेत डायलिसिस मोफत, एसटीच्या साध्या गाडीत रुग्णाला तिकीट नाही, सगळं खरं. पण सोबत येणाऱ्या मुलाची हजेरी बुडते, ती कोणत्या योजनेत बसते?

मग मी पोटाचं समजावलं. दिवसाला 4 पिशव्या, म्हणजे महिन्याला 120, वजन अडीचशे किलोच्या आसपास. मुलानं हिशोब ऐकला आणि म्हणाला, "दोन खोल्या हायत, वर पत्रा. कांदा ठेवू का पाणी?"

सून भिंतीला टेकून उभी. पिशव्या तीच बदलणार हे सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलेलं, तिला मात्र कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं. ती म्हणाली, "जमंल की. पण दार लावून, पंखा बंद करून अर्धा-अर्धा तास बसायचं, तवर चूल कोण बघंल?" दार-पंख्याचं तिनं बरोबर लक्षात ठेवलं होतं. धूळ गेली, हात नीट धुतले नाहीत, तर पोटात जंतुसंसर्ग होतो.

नळी पोटावर नेमकी कुठून बाहेर काढायची, हे ऑपरेशनआधी बसवून, उभं करून, पेनानं खूण करून ठरवतात. "मावशी, परकराची नाडी कुठं बांधता?" असं विचारल्यावर त्या लाजून हसल्या. पण नाडी नळीवर काचली तर रोजचा त्रास, म्हणून हे विचारावंच लागतं.

एका वारकरी बाबांचं निराळंच. मशिन म्हटलं तर आळंदी ते पंढरपूर चालणं अवघड, कारण वाटेत खाडे करता येत नाहीत. पोटाचं घेतलं तर पिशव्या दिंडीच्या ट्रकमधून नेता येतील, पण नळी असताना चंद्रभागेत बुडी मारायची नाही. ते बराच वेळ गप्प बसले. शेवटी मशिनच घेतलं.

काहींना मशिन आवडतं ते तिथल्या माणसांमुळे. मंगळवारच्या बॅचमधला एखादा आला नाही, तर बाकीचे फोन लावतात.

आणि सरकारी धोरण? थायलंडनं 2008 साली आपल्या आरोग्य योजनेत पोटाचं डायलिसिस आधी असा नियम केला, 2022 मध्ये निवड रुग्णांवर सोडली, आणि 2025 मध्ये नव्या रुग्णांसाठी पुन्हा पोटाचं आधी असं केलं. आपल्याकडे राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम 2016 मध्ये जिल्हा रुग्णालयांतल्या मशिनपासून सुरू झाला. पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वं 2019 मध्ये आली. साहजिकच शेजारीपाजारी दिसतं ते मशिन.

मला सगळ्यात सलतं ते वेगळंच. पुष्कळ जण रात्री धाप लागून येतात, मानेत नळी टाकून मशिन सुरू होतं, आणि तेच पुढं चालू राहतं. दुसरा पर्याय होता हे वर्षभरानं माझ्या टेबलाशी कळतं. किडनी कमजोर आहे असं सांगितलं गेलं असेल, तर धाप लागायची वाट न बघता डॉक्टरांना दोन्हींबद्दल विचारा. सोबत घरात जी राबणार आहे तिलाही आणा.

मावशींचा मुलगा महिन्याभरानं परत आला. खोली टेपनं मोजून कागदावर लिहून आणली होती. कांदा यंदा चुलत्याच्या पडवीत ठेवणार म्हणाला, आणि दुपारचं पाणी तो स्वतः बदलायला शिकणार होता.

नमस्कार.