कोपराखालची हवा

(दृश्य : इलन पाइप्स वाजवणाऱ्या पायपरचं उजवं कोपर, दंडाला आवळलेला पट्टा, कातडी भाता)

बोटांकडे नंतर पाहू. आधी कोपर पाहा.

उजव्या कोपराखाली भाता आहे. कोपर उचललं की त्यात हवा भरते, दाबलं की ती नळीतून डाव्या बगलेतल्या पिशवीत जाते. पिशवीवर डावं कोपर असतं, आणि हवा किती सोडायची ते हे डावं कोपर ठरवतं. तोंडाला काहीच काम नाही. स्कॉटलंडचे बॅगपाइप फुंकून, उभ्याने, मैदानात वाजतात. आयर्लंडचे हे इलन पाइप्स बसून, चार भिंतींच्या आत, आणि मनात आलं तर शेजारच्याशी गप्पा मारतसुद्धा वाजवता येतात.

(दृश्य : गावाचा मुख्य रस्ता, वाद्यांच्या पेट्या खांद्याला लावून चालणारी मुलं)

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, काउंटी क्लेअरमधलं मिलटाउन मलबे. जेमतेम हजारभर वस्ती, अटलांटिक हाकेच्या अंतरावर. जुलैचा पहिला आठवडा चालू आहे. संध्याकाळचे आठ वाजून गेले तरी ऊन आहे, कारण या दिवसांत इथे सूर्य दहाच्या पुढे मावळतो. सकाळी वर्ग, संध्याकाळी मैफिली आणि रात्रभर पब, असा इथल्या संगीताच्या उन्हाळी शाळेचा आठवडा जातो.

पबमधलं आयरिश संगीत जगाने पुष्कळ पाहिलंय. आमचा कॅमेरा तिथे गेला नाही. तो गेला गावातल्या सभागृहात, जिथे एका वेळी एकच जण वाजवतो आणि बाकीचे सगळे ऐकतात. या संगीताचं खरं घर हेच, असं आमचं मत आहे. पबवाल्यांचं वेगळं असेल.

(दृश्य : रंगमंचामागची खोली, टेबलावर उघडलेलं वाद्य)

कार्यक्रमाला अजून अर्धा तास आहे. पायपरचं वाद्य टेबलावर सुटं पडलंय. चँटर, म्हणजे ज्यावर धून वाजते ती नळी. स्थिर सूर धरणाऱ्या तीन नळ्या, म्हणजे ड्रोन. आणि चाव्या बसवलेल्या तीन नळ्या, त्यांना रेग्युलेटर म्हणतात. प्रत्येक नळीत एक, अशा एकूण सात रीड, म्हणजे हवेने थरथरून सूर काढणाऱ्या जिभल्या, आणि सातही आज एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

दुपारी पाऊस पडून गेलाय. चँटरची रीड दुहेरी असते, सनईसारखी. बोरूच्या जातीच्या पोकळ गवताच्या दोन पातळ पट्ट्या सुरीने तासून, दोऱ्याने बांधून ती करतात. फुंकायचं नसल्यामुळे तिला ओठांचा ओलावा मिळत नाही. तिचं सगळं नशीब खोलीतल्या हवेवर. दमट झाली की एक बोलते, हीटर लावला की दुसरंच.

(दृश्य : जवळून, अंगठा आणि तर्जनी)

रीडच्या कमरेला तांब्याची बारीक पट्टी आहे. पायपर ती केसभर दाबतो. चँटर जोडतो, एक सूर वाजवतो, तोंड वाकडं करतो. पुन्हा काढतो. आम्ही यातलं बरंच चित्रीकरण कापलं, तरी पुरेसं उरलंय. पायपर व्हायला सात वर्षं शिकावं लागतं, सात वर्षं रियाज करावा लागतो आणि सात वर्षं वाजवावं लागतं, अशी इथली जुनी म्हण आहे. रीडशी झटापट करण्यात त्यातली किती जातात ते म्हण सांगत नाही.

(दृश्य : रंगमंच. एक खुर्ची. ड्रोन सुरू होतात.)

तिन्ही ड्रोन एकाच सुरात, तीन सप्तकांत. मराठी कानाला इथे तंबोऱ्याची आठवण येणारच, आणि काम तेच आहे.

आता गुडघ्याकडे लक्ष द्या. मांडीवर कातड्याचा तुकडा बांधलाय. चँटरचं खालचं तोंड त्यावर टेकवलं आणि वरची सगळी भोकं बोटांनी झाकली की चँटरचा आवाज पूर्ण थांबतो. स्कॉटिश पाइपला ही सोय नाही, तो एकदा सुरू झाला की सूर अखंड वाहतो. इथे दोन सुरांच्या मध्ये निःशब्द जागा ठेवता येते. तुटक, टपोरे सूर ऐकू येतात ते त्यामुळेच. आणि चँटर गुडघ्यावरून उचलला की तळाचा सूर एकदम गरजतो.

उजवं मनगट मध्येच खाली झुकतं. मनगटाच्या कडेने तो रेग्युलेटरच्या चाव्या दाबतोय, आणि धून चालू असतानाच खाली सुरांचा गुच्छ उमटतो. दोन कोपरं, दोन्ही हातांची बोटं, एक मनगट आणि एक गुडघा. चेहऱ्यावर मात्र बस चुकलेल्या माणसाचे भाव. श्रोत्यांकडे पाहून हसण्याची पद्धत या मंचावर नाही.

धून संपली. तो माइकपाशी झुकतो आणि ती आपल्याला कुणाकडून मिळाली ते सांगतो. आज संध्याकाळी प्रत्येक जण हे सांगणार आहे.

(दृश्य : विली क्लॅन्सीचा पुतळा, नंतर जुनी छायाचित्रं)

धून कुणाकडून मिळाली, याला या गावाचं स्वतःचं उत्तर असं आहे. एकोणिसाव्या शतकात क्लेअरमध्ये गॅरेट बॅरी नावाचा पायपर होता. मोठ्या दुष्काळात, १८४७ साली जन्मला, लहानपणीच दृष्टी गेली. दृष्टी नसलेल्या मुलाला पोटापाण्यासाठी पाइप्स शिकवणं तेव्हा रूढ होतं. बॅरीचं वादन मिलटाउन मलबेच्या गिल्बर्ट क्लॅन्सीने ऐकलं. गिल्बर्ट बासरी आणि कॉन्सर्टिना वाजवायचा, पाइप्स नाही. तरी बॅरीच्या धुना त्याने सांभाळल्या आणि मुलाला दिल्या. हा मुलगा विली, जन्म १९१८. बॅरी १८९९ मध्येच वारला होता, म्हणजे विलीने त्याला कधी ऐकलंच नाही. ऐकलं ते वडिलांच्या वाजवण्यातून.

मग जॉनी डोरन आला. घोडा जोडलेल्या गाडीत संसार मांडून जत्रेजत्रेतून फिरणारा पायपर. त्याला ऐकल्यावर विलीने पाइप्स धरले. डोरनच्या वादनाचं ध्वनिमुद्रण १९४७ साली डब्लिनमध्ये लोकसाहित्य आयोगाने केलं, मोजक्या तबकड्यांवर. १९५० मध्ये डोरन गेला. ते मुद्रण झालं नसतं तर आज त्याच्याबद्दल फक्त आठवणी सांगितल्या गेल्या असत्या.

विली व्यवसायाने सुतार. कामासाठी लंडनला गेला, वडील वारल्यावर परतला, आणि दार ठोठावणाऱ्या प्रत्येकाला शिकवत राहिला. जानेवारी १९७३ मध्ये तो गेला. त्याच वर्षीच्या जुलैत त्याच्या मित्रमंडळींनी त्याच्या नावाने ही उन्हाळी शाळा सुरू केली.

(दृश्य : कॉन्सर्टिना वाजवणारी स्त्री, बटणांवरची बोटं)

कॉन्सर्टिना. षट्कोनी, दोन्ही तळहातांत मावणारी. भाता ओढला तर एक सूर, दाबला तर त्याच बटणावर दुसरा. म्हणून वाक्य कुठे तोडायचं हे भात्याच्या दिशेवरही ठरतं. क्लेअरमध्ये हे बायकांचं वाद्य मानलं जायचं आणि चुलीशेजारच्या कोनाड्यात कोरडं राहायचं. किलरशच्या एलिझाबेथ क्रॉटी १९५० च्या दशकात रेडिओमुळे देशभर माहीत झाल्या, तेव्हा त्या सत्तरीच्या घरात होत्या.

या संगीतावरचा नाच घराच्या स्वयंपाकघरात व्हायचा. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू झाला. पाद्री आणि पोलीस यांनी तो घरच्या नाचांवरही चालवला. बरीच वाद्यं तेव्हा गप्प झाली.

(दृश्य : गायक, मिटलेले डोळे. शेजारच्याने त्याचा हात धरला आहे.)

कोनेमाराहून आलेला गायक. शान-नोस, म्हणजे जुन्या रीतीचं गाणं. साथ नाही, ताल नाही, भाषा आयरिश. शेजारचा माणूस त्याचा हात धरून हळूहळू गोल फिरवतोय. शब्दांचा अर्थ आम्ही पडद्यावर दिलेला नाही. हातांकडे बघा.

(दृश्य : सकाळचा वर्ग, रीड तासणारी मुलं. झपाट्याने.)

१९६८ मध्ये पायपरांनी आपली संघटना स्थापन केली, तेव्हा देशात शंभरही पायपर उरले नव्हते असं सांगतात. २०१७ मध्ये युनेस्कोने इलन पाइप्सच्या वादनाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. नवा पूर्ण संच हवा असेल तर आता काही वर्षं थांबावं लागतं, आणि तो परवडणारे सगळेच नसतात. तो वेगळा विषय.

(दृश्य : पुन्हा मंच. शाळकरी मुलगी, छोटा संच)

हिच्याकडे अजून ड्रोन नाहीत, रेग्युलेटर नाहीत. भाता, पिशवी आणि चँटर, सुरुवातीचा संच एवढाच असतो. ती माइकपाशी जाते आणि सांगते, की ही रील, म्हणजे नाचाची जलद धून, तिला इथल्या वर्गात शिकवली, शिकवणाऱ्या बाईंनी ती डोरनच्या तबकडीवरून उचलली, आणि दुसऱ्या भागातलं एक वळण तिने स्वतः बदललंय. ते बाईंना आवडत नाही.

सभागृह हसतं. मघाचा पायपर पहिल्या रांगेत आहे, तो हसत नाही, पुढे सरकून बसतो.

रील तीनदा वाजेल. बदललेलं वळण प्रत्येक फेरीत दोनदा येतं. इथून पुढे निवेदन नाही.