एका हायड्रोजनची बाजू

पडद्यावर आहे तो ॲलानिनचा रेणू. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतलंच हे एक. मधोमध कार्बन, त्याला चार हात. एका हाताला अमिनो गट, दुसऱ्याला आम्लगट, तिसऱ्याला मिथिल, चौथ्याला एकटा हायड्रोजन. शेजारी त्याचं आरशातलं रूप. कितीही फिरवा, एक दुसऱ्यावर तंतोतंत बसणार नाही. एकाला म्हणतात ‘एल’, दुसऱ्याला ‘डी’.

प्रथिनं बांधताना पेशी ‘एल’च वापरते. (ग्लायसीनला ही भानगडच नाही. त्याच्याकडे दोन हायड्रोजन, त्यामुळे डावं-उजवं काही उरत नाही.)

पण जिवाणूचं नुसत्या ‘एल’वर भागत नाही. त्याची पेशीभित्तिका उभी राहते तेव्हा तिच्यातल्या छोट्या पेप्टाइडच्या टोकाला दोन डी-ॲलानिन जोडलेली लागतात. मग तो घरातलंच ‘एल’ उलटवून घेतो. हे काम करणारं एन्झाइम म्हणजे ॲलानिन रेसमेज.

आता आत शिरू. ही एन्झाइममधली खोबण. इथे बी-६ जीवनसत्त्वापासून तयार झालेलं पीएलपी (पायरिडॉक्सल फॉस्फेट) हे मदतनीस बसलंय. ॲलानिन आलं की ते त्याचा अमिनो गट पकडतं आणि मधल्या कार्बनकडचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतं. हायड्रोजनची पकड ढिली पडते. एका अंगाला एन्झाइमचंच एक अमिनो आम्ल, टायरोसीन, टपलेलंच असतं, ते तो हायड्रोजन प्रोटॉनच्या रूपात काढून घेतं. आता कार्बन बघा, सपाट झालाय. ना डावा, ना उजवा. तेवढ्यात पलीकडच्या अंगाने एन्झाइमचंच दुसरं अमिनो आम्ल, लायसीन, आपल्याकडचा प्रोटॉन देतं. झालं, ‘एल’चं ‘डी’. ‘डी’ आत आलं तर हेच सगळं उलट्या क्रमाने. एन्झाइम कुणाचीच बाजू घेत नाही. नुसतं सोडून दिलं, तर शेवटी दोन्ही निम्मी निम्मी.

ग्लुटामेट या दुसऱ्या अमिनो आम्लाची बाजू उलटवणारं ग्लुटामेट रेसमेज हेच काम पीएलपीशिवाय, खोबणीतल्या समोरासमोरच्या दोन सिस्टीन अमिनो आम्लांवर भागवतं.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात सायक्लोसेरीन देतात. ते दिसायला डी-ॲलानिनसारखं. खोबणीत शिरतं, पीएलपीला चिकटतं आणि एन्झाइम ठप्प होतं.

‘डी’ म्हणजे जिवाणूंचा मामला, अशी समजूत बराच काळ होती. पण 1999 साली उंदराच्या मेंदूतून सेरीन या अमिनो आम्लाची बाजू उलटवणाऱ्या सेरीन रेसमेजचा जनुक वेगळा काढला गेला. हे एन्झाइम आपल्याही मेंदूत आहे. त्याने बनवलेलं डी-सेरीन ग्लुटामेटच्या (मेंदूत हे निरोप्याचंही काम करतं) जोडीने चेतापेशींवरच्या एनएमडीए ग्राही नावाच्या वाहिनीवर बसतं, तेव्हा ती वाहिनी उघडते. शिकण्यात, लक्षात ठेवण्यात तिचा मोठा वाटा.

गंमत म्हणजे सेरीन रेसमेज नेहमीच प्रोटॉन परत देत नाही. कधी सेरीनमधलं पाणीच काढून टाकतं, आणि हाती येतं पायरुव्हेट (तीन कार्बनांचा एक छोटा रेणू) आणि अमोनिया.