कासवाचा खवाटा

(दृश्य: रत्नागिरी जिल्ह्यातला वेळासचा किनारा. वाळूवर पालथी टोपली.)

टोपली उचलली, की खाली ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं वळवळत असतात. तळहातावर मावेल एवढासा जीव, पण कवच अंड्यातूनच घेऊन आलेला.

कार्टूनमधलं कासव कवच काढून ठेवतं आणि पळत सुटतं. खरं कासव तसं करायला गेलं, तर कवचाबरोबर पाठीचा कणाही निघून येईल! ते पांघरलेलं नाहीच. त्या त्याच्याच बरगड्या आहेत, मणक्यांसकट.

आता हात मागे नेऊन खांद्यामागचं चपटं हाड चाचपा. हा खवाटा. माणसाचा असो, उंदराचा असो की कोंबडीचा, तो बरगड्यांच्या बाहेर असतो. कासवाचा मात्र आत. शर्ट आत आणि बनियन बाहेर, असला प्रकार. हे झालं कसं? अर्धा आत, अर्धा बाहेर असा खांदा घेऊन मधलं कुणी जगलं असेल का?

(दृश्य: गर्भाच्या वाढीचं ॲनिमेशन.)

उत्तर अंड्यात होतं. जपानमध्ये कोबे इथल्या रिकेन संस्थेत शिगेरू कुरातानी यांच्या गटानं मऊ पाठीच्या कासवाचे गर्भ कोंबडी आणि उंदराच्या गर्भांशी ताडून पाहिले. निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीला कासवाचाही खवाटा बरगड्यांच्या पुढे, मानेच्या बाजूला असतो. पुढे कोंबडीच्या बरगड्या पोटाकडे वळून छातीचा पिंजरा करतात. कासवाच्या वळतच नाहीत. पाठीतच राहून त्या आडव्या वाढतात आणि कुशीवर उठलेल्या एका कडेकडे पंख्यासारख्या पसरतात. त्यांच्याखाली अंगाची बाजू दुमडते, आणि त्या घडीत खवाटा झाकला जातो. त्याला बरगड्यांशी बांधणारा स्नायू तुटत नाही, घडीबरोबर वळतो. म्हणजे खांदा बरगड्या ओलांडून आत शिरलाच नाही. बरगड्याच त्याच्यावरून पुढे गेल्या.

(दृश्य: जीवाश्म.)

आदल्याच वर्षी चीनच्या ग्वीझो प्रांतातलं एक जुनं कासव जगासमोर आलं होतं. ओडोंटोकेलिस, सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वीचं. तोंडात दात. पोटाचं कवच पूर्ण, पाठीवर मात्र नुसत्या रुंद बरगड्या. आणि खवाटा? बरगड्यांच्या पुढे, घडी पडण्याआधीच्या गर्भात असतो तसा. गर्भ पूर्वजांची उजळणी करतो, हा जुना समज सरसकट खरा नाही. पण इथे दगड आणि अंडं एकच गोष्ट सांगतात.

(दृश्य: पुन्हा वेळास. पिल्लू पाण्याकडे.)

बरगड्या कवचात अडकल्या, तेव्हा श्वासाला त्यांचा उपयोग उरला नाही. ते काम आता दुसरे स्नायू करतात.

पिल्लू लाटेजवळ थांबलंय. दमलंय. पण छातीचा भाता काही हलताना दिसत नाही.