मरता मरता जाळं टाकणारी पेशी

(दृश्य: पायाच्या तळव्यात रुतलेला काटा, भोवती लाली)

काटा मोडला की दुसऱ्या दिवशी जागा ठुसठुसते, मग पिकते. त्या पुवात बहुतांश असतात मेलेल्या न्युट्रोफिल. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक याच. त्या जंतू गिळतात, एवढं जुनंच ज्ञान. पण २००४ साली बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत फोलकर ब्रिंकमन आणि आर्तुरो झिक्लिन्स्की यांच्या गटाला पेशीबाहेर जाळं दिसलं, त्यात अडकलेले जीवाणू दिसले. जाळ्याचे धागे होते पेशीच्याच डीएनएचे!

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली एक न्युट्रोफिल)

पेशी हे करते कशी? प्रयोगशाळेत तिला पीएमए नावाचं रसायन देतात. त्याने आत प्रोटीन कायनेज सी हे एन्झाइम जागं होतं. निरोप पुढे राफ, मेक, अर्क या प्रथिनांकडे जातो; प्रत्येक जण पुढच्याला फॉस्फेट चिकटवून कामाला लावतो. मग एनएडीपीएच ऑक्सिडेज या एन्झाइमचे सुटे भाग, काही पटलात रुतलेले, काही पेशीद्रवात तरंगणारे, एकत्र जुळतात आणि ऑक्सिजनची जहाल रूपं तयार होऊ लागतात.

आता केंद्रकाकडे नीट बघा. एरवी त्याचे तीन-चार गोल खंड स्पष्ट दिसतात. त्या जहाल रूपांमुळे पेशीतल्या कणिकांमधून सुटलेलं इलास्टेज हे एन्झाइम आत शिरतं आणि डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांवर रिळासारखा गुंडाळलेला असतो, ती कापू लागतं. पॅड-४ हे दुसरं एन्झाइम हिस्टोनांवरचा धन भार कमी करतं. डीएनएचा भार ऋण, त्यामुळे पकड सैल पडते. खंड विरघळतात, केंद्रक फुगतं, दोन-चार तासांत पेशी फुटते आणि जाळं बाहेर पडतं. सगळेच इशारे याच वाटेने जात नाहीत, काहींना ऑक्सिडेज लागतही नाही. जंतूही स्वस्थ बसत नाहीत: घसा धरणारे काही स्ट्रेप्टोकोकस डीएनए कापणारं एन्झाइम सोडून जाळ्यातून निसटतात. आणि हेच जाळं रक्तवाहिनीत पसरलं तर गुठळी धरायला मदत करतं.

(दृश्य: फुप्फुसाचा एक्स-रे)

साखळीतली एक कडी तुटली तर काय होतं, हे क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज हा जन्मजात आजार असलेली मुलं सोसतात. त्यांचं ऑक्सिडेजच निकामी असतं. झुरिकमध्ये अशाच एका मुलाच्या फुप्फुसात अ‍ॅस्परजिलस बुरशी ठाण मांडून बसली होती, औषधांना दाद देत नव्हती. जनुकोपचारानंतर त्याच्या न्युट्रोफिल पुन्हा जाळी टाकू लागल्या, असं २००९ साली प्रसिद्ध झालं. बुरशी हटली.