पाचव्या दिवशी पुन्हा माउंडवर

(दृश्य: पहाट. रिकामं मैदान. माउंडवर पाण्याची फवारणी. धुमसाने माती ठोकली जात आहे.)

बेसबॉलच्या मैदानाच्या मधोमध हा मातीचा उंचवटा. याला माउंड म्हणतात. व्यास 18 फूट, उंची 10 इंच. माथ्यावर पांढऱ्या रबराची पट्टी, 24 इंच लांब आणि 6 इंच रुंद. या पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचं, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथपर्यंतचं, अंतर 60 फूट 6 इंच. पट्टीपुढे सहा इंच सोडले की उतार सुरू होतो, फुटाला एक इंच.

धुमस दोनच जागी जोरात पडतोय. एक जागा रबराला लागून, जिथे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मागच्या पायाने जमीन ढकलतो. दुसरी उतारावर, जिथे त्याचा पुढचा पाय येऊन आपटतो. या दोन्ही ठिकाणी चिकणमाती ठासून बसवतात. पुढच्या पायाखाली खड्डा पडला, की पाय पडायला निमिषभर उशीर होतो. तेवढ्यात खांदा आधीच फिरून जातो, हात मागे राहतो, आणि गुडघ्याच्या उंचीवर जायचा चेंडू कमरेच्या उंचीवर जातो. कमरेच्या उंचीचा चेंडू फलंदाज प्रेक्षकांत पाठवतो.

(दृश्य: संथ गतीत एक पूर्ण पिच, म्हणजे चेंडूची एक फेक. पाय, कंबर, खांदा, कोपर, मनगट.)

क्रिकेट पाहणाऱ्यांनी कोपराकडे लक्ष द्यावं. आपल्या गोलंदाजाला धावत येऊन वेग घेता येतो आणि त्याचा हात जवळजवळ सरळ असावा लागतो. पिचरला धाव नाही. एका जागी उभं राहून एक पाय उचलायचा, आणि सगळा वेग मांडी, कंबर आणि खांद्यातून काढून वाकलेल्या कोपरातून बाहेर फेकायचा. कोपराच्या आतल्या बाजूला एक अस्थिबंध असतो. प्रत्येक पिचला तो ताणला जातो. एका सामन्यात असे शंभरेक ताण. म्हणून सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे स्टार्टर, आज टाकतो आणि मध्ये चार दिवस सोडून पाचव्या दिवशी परत येतो. पाच जणांची ही आळीपाळी म्हणजे रोटेशन. 1970च्या दशकापर्यंत बहुतेक संघ चौघांवर भागवत. जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये आजही स्टार्टर साधारण आठवड्यातून एकदाच टाकतो.

(दृश्य: डगआऊटच्या भिंतीवरचा वेळापत्रकाचा फळा.)

हिशेब साधा आहे. अमेरिकेच्या मेजर लीगच्या नियमित हंगामात 162 सामने. सामना नऊ इनिंगचा, म्हणजे प्रत्येक संघाच्या नऊ छोट्या डावांचा; हंगामात साडेचौदाशेच्या आसपास इनिंग. पाच स्टार्टर, प्रत्येकाला 32-33 सामने. दर सामन्याला सरासरी सहा इनिंग टाकल्या, तर त्यांच्याकडून हजाराला थोड्या कमी इनिंग होतात. उरलेल्या पावणेपाचशे-पाचशे इनिंग बदली पिचरांनी, म्हणजे बुलपेनने ओढायच्या. स्टार्टर तिसऱ्या इनिंगलाच गळाला तर त्या रात्री बुलपेनचे चार जण खर्ची पडतात. दुसऱ्या दिवशी ते दमलेले असतात, म्हणून त्या दिवशीच्या स्टार्टरला हात जड झाल्यावरही टाकत राहावं लागतं. एका रात्रीची गळती आठवडाभर झिरपते.

स्टार्टरकडे शंभर पिचची शिदोरी असते. एका इनिंगला पंधरा खर्च केल्या तर सहा इनिंग निभतात आणि थोड्या शिल्लक राहतात. वीस केल्या तर पाचव्या इनिंगनंतर गाठोडं रिकामं. त्यामुळे चांगलं रोटेशन उभारणारे लोक आधी पिचरच्या पिच कुठे वाया जातात ते पाहतात. वेगाचा आकडा त्यानंतर.

(दृश्य: 1988चं जुनं चित्रण. अटलांटा-फुल्टन काउंटी स्टेडियम, अर्धी रिकामी गॅलरी.)

असं रोटेशन उभारणारा एक संघ: अटलांटा ब्रेव्हज, 1988. या हंगामात संघ 106 सामने हरला. माउंडवरचा हा डावखुरा तरुण टॉम ग्लॅव्हिन. 1984च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायच्या फेऱ्यांत, ब्रेव्हजने त्याला दुसऱ्या फेरीत घेतलं. त्याच वर्षी आइस हॉकीच्या लॉस एंजेलिस किंग्ज संघानेही त्याला निवडलं होतं. त्याने बेसबॉल पत्करला. 1988मध्ये पिचर म्हणून त्याच्या नावावर 7 विजय आणि 17 पराभव लिहिले गेले. त्याचा सहकारी जॉन स्मोल्ट्झ आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये डेट्रॉइटकडून आला होता. डेट्रॉइटला त्या हंगामापुरता अनुभवी पिचर हवा होता. त्यांनी डॉयल अलेक्झांडर घेतला आणि बदल्यात हा विशीतला मुलगा दिला. अलेक्झांडरने डेट्रॉइटसाठी उरलेल्या हंगामात 9 सामने जिंकले, एकही हरला नाही. स्मोल्ट्झचा 1988चा हिशेब 2 विजय, 7 पराभव.

तेव्हा जनरल मॅनेजर, म्हणजे संघासाठी खेळाडू निवडणारे, होते बॉबी कॉक्स. हरणाऱ्या संघाला तरुण पिचर विकून तयार फलंदाज आणायचा मोह होतो. कॉक्स यांनी उलट केलं. 1988च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर त्यांनी आणखी एक डावखुरा पिचर घेतला, स्टीव्ह एव्हरी. 1990च्या जूनमध्ये कॉक्स स्वतः डगआऊटमध्ये मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, म्हणून उतरले आणि पिचिंगचा प्रशिक्षक म्हणून लिओ मॅझोनी यांना खालच्या पायरीच्या मायनर लीगमधून वर आणलं.

(दृश्य: नवं हिरवळीचं मैदान. इनफिल्डमध्ये, म्हणजे फलंदाजाजवळच्या आतल्या भागात, जमिनीलगत जाणारे चेंडू अडवणारे क्षेत्ररक्षक.)

त्या शरद ऋतूत जनरल मॅनेजर म्हणून आले जॉन शूअरहोल्झ. त्यांनी पैसा आधी क्षेत्ररक्षणावर लावला. तिसऱ्या बेसवर, म्हणजे फलंदाजाने धावून गाठायच्या तिसऱ्या थांब्यावर, टेरी पेंडल्टन, शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, राफाएल बेलिआर्ड, पहिल्या बेसवर सिड ब्रीम. इनफिल्डची जमीनही दुरुस्त करून घेतली. रोटेशनच्या गोष्टीत हा भाग सहसा कुणी सांगत नाही, म्हणून इथे थांबून सांगायला हवा. खालचे चेंडू टाकणाऱ्या पिचरला फलंदाज हवेत मारत नाही, जमिनीवरून मारतो. तो चेंडू वेडावाकडा उसळला, किंवा तिसऱ्या बेसवरचा माणूस अर्धं पाऊल उशिरा वाकला, की बाद होणारा फलंदाज धावून पहिल्या बेसवर पोचतो. पिचरला त्या इनिंगला आणखी पाच-सात पिच टाकाव्या लागतात. ग्लॅव्हिन तोच होता, हातही तोच होता. 1991मध्ये तो 20 सामने जिंकला आणि सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराचा मानकरी ठरला. आदल्या वर्षी तळाला असलेला संघ 94 सामने जिंकून आपल्या विभागात पहिला आला.

त्याच हंगामात स्मोल्ट्झ अर्ध्या वाटेवर 2 विजय आणि 11 पराभवांवर अडकला होता. कॉक्स यांनी त्याची पाळी एकदाही काढून घेतली नाही. दर पाचव्या दिवशी चेंडू त्याच्याच हातात. उरलेल्या अर्ध्या हंगामात तो 12 जिंकला, 2 हरला.

(दृश्य: हातांचे जवळून घेतलेले शॉट. शिवणीवर बोटं. एकामागून एक तीन पकडी.)

चेंडूवर 108 दुहेरी टाके असतात. वजन 5 ते सव्वापाच औंस. नव्या चेंडूची चकाकी जावी म्हणून सामन्याआधी त्याला डेलावेअर नदीच्या खोऱ्यातला खास चिखल चोळतात. गुळगुळीत चेंडू बोटांतून निसटतो.

पहिली पकड ग्लॅव्हिनची. तर्जनी आणि अंगठा मिळून चेंडूच्या कडेला एक गोल करतात. चेंडू धरायचं काम मधलं बोट आणि अनामिका करतात. ही सर्कल चेंजअप. हात फास्टबॉलच्याच वेगाने फिरतो, पण जोर देणारी बोटं कमजोर असल्याने चेंडू ताशी पंधरा-सोळा किलोमीटर कमी वेगाने येतो. फलंदाजाची बॅट आधी फिरून जाते. शिकणारा पिचर इथे एक चूक हमखास करतो: चेंडू हळू जावा म्हणून हातच हळू करतो. फलंदाज हात पाहतो, आणि थांबतो.

दुसरी पकड टू-सीम फास्टबॉलची. जिथे टाके एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात, तिथे दोन बोटं टाक्यांच्या रेषेवर. उजव्या हाताने टाकलेला हा चेंडू शेवटच्या काही फुटांत पिचरच्या उजवीकडे सरकतो आणि खाली बसतो. डावखुऱ्या फलंदाजाला तो अंगावर येतोय असं वाटतं. फलंदाज कंबर मागे घेतो, चेंडू वळून प्लेटच्या आतल्या कडेवरून जातो, अंपायर स्ट्राइक देतो, म्हणजे तो चेंडू फलंदाजाच्या विरोधात मोजतो. हा चेंडू ग्रेग मॅडक्सचा. शिकागो कब्जकडून साय यंग जिंकून तो 1992च्या डिसेंबरात अटलांटाला आला, पाच वर्षांसाठी 2 कोटी 80 लाख डॉलरच्या करारावर. आल्यावर लागोपाठ तीन वर्षं त्याने तोच पुरस्कार जिंकला. वेग ताशी 140 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे या पातळीवर सामान्यच. 1997मध्ये 232 इनिंग टाकून त्याने फलंदाजांना फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिलं ते फक्त 20 वेळा. शंभर पिचची शिदोरी कशी पुरवायची, याचा याहून चांगला धडा चित्रणात सापडत नाही.

तिसरी पकड स्लायडरची. बोटं चेंडूच्या मधोमध नसतात, बाहेरच्या बाजूला सरकलेली. स्मोल्ट्झ ताशी 150 किलोमीटरच्या पुढचा फास्टबॉल टाकायचा आणि त्याच हालचालीतून हा चेंडू, जो उजव्या फलंदाजापासून दूर पळत खाली जातो. मनगट मुद्दाम पिळलं तर कोपर सोसतं. पीळ बोटांच्या जागेतूनच यायला हवा.

तीन हात, तीन स्वभाव. तीन सामन्यांची मालिका खेळायला आलेल्या संघाला शुक्रवारी डावखुऱ्याचा मंद चेंडू, शनिवारी उजव्या हाताचा वळणारा, रविवारी नुसता वेग. फलंदाजाचे डोळे एकाला सरावेपर्यंत दुसरा उभा. नामांकित पाच पिचर सारख्याच वेगाचे असले, की तिसऱ्या दिवसापर्यंत समोरच्या फलंदाजांना ताल सापडतो. पैसा असलेले संघही ही चूक करतात. आणि पाचव्या पिचरची जागा राखीव समजू नये. एप्रिलमध्ये सुट्टीचे दिवस जास्त असतात, तेव्हा त्याची पाळी वगळून पहिल्याला लवकर आणता येतं. ऑगस्टमध्ये मात्र सुट्टी मिळत नाही. म्हणून मायनर लीगमध्ये सहावा, सातवा, आठवा पिचर लांब सामने टाकत तयार ठेवावा लागतो.

(दृश्य: डगआऊट. बाकावर बसून पुढे-मागे डोलणारे लिओ मॅझोनी.)

हे मॅझोनी. प्रत्येक सामन्यात असेच डोलायचे. त्यांची पद्धत जॉनी सेन यांच्याकडून आली. सेन यांनी 1948मध्ये बॉस्टन ब्रेव्हजसाठी 24 सामने जिंकले होते, पुढे प्रशिक्षक झाले. ती पद्धत अशी. दोन सामन्यांच्या मधल्या चार दिवसांत बहुतेक संघांचा पिचर एकदाच बुलपेनच्या, म्हणजे सरावाच्या जागेतल्या, माउंडवरून टाकतो. मॅझोनी यांच्या पिचरांनी दोनदा टाकायचं. मात्र पूर्ण जोर लावायचा नाही. चेंडू जिथे ठेवायचा तिथे ठेवायचा, बस्स. वेगाचं यंत्र लावायचं नाही. एकच निशाण: बाहेरच्या कडेला, गुडघ्याच्या उंचीवर.

हात विसाव्याने टिकतो, ही समजूत अर्धीच खरी. पाच दिवस चेंडू हातात नसेल तर बोटं टाके विसरतात. सामन्यात पहिल्या इनिंगला निशाण सापडत नाही, मग पिचर जोर वाढवतो, आणि दुखापत त्या जोरातून होते. कमी जोराने वारंवार टाकणाऱ्याच्या अंगात हालचाल मुरते. सहाव्या इनिंगला पाय थकले की कोपर खाली येतं आणि चेंडू वर राहतो. ज्याची हालचाल मुरलेली असते, त्याला पहिल्याच चुकीच्या चेंडूवर ते कळतं. मॅडक्स, ग्लॅव्हिन आणि स्मोल्ट्झ वर्षानुवर्षं 200च्या वर इनिंग टाकत राहिले. त्यांचे हात दणकट होते, हे खरंच. पण दोन सामन्यांच्या मधल्या त्या दोन सकाळींकडे पाहिल्याशिवाय त्या इनिंगचा हिशेब लागत नाही.

(दृश्य: 28 ऑक्टोबर 1995, रात्र. खचाखच भरलेलं स्टेडियम.)

हंगामाचा विजेता ठरवणाऱ्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, समोर क्लीव्हलँड. ग्लॅव्हिन आठ इनिंग टाकतो आणि फक्त एक हिट, म्हणजे बेसवर पोचवणारा एकच फटका, देतो. ब्रेव्हजच्या डेव्हिड जस्टिसचा होम रन, चेंडू थेट प्रेक्षकांत. 1-0. नवव्या इनिंगला बदली पिचर मार्क वोलर्स.

(दृश्य: 1998. पाच पिचरांचे एकापाठोपाठ एक शॉट.)

1998. ग्लॅव्हिन 20 विजय, मॅडक्स 18, स्मोल्ट्झ 17, ड्राफ्टच्या अकराव्या फेरीतून आलेला केव्हिन मिलवूड 17, पिट्सबर्गकडून आणलेला डेनी नेगल 16. संघाचे 106 विजय.

या काळातून विजेतेपद एकच आलं. 1991, 1992, 1996 आणि 1999च्या वर्ल्ड सिरीज हुकल्या. एव्हरीचा हात पंचविशीच्या आतच उतरणीला लागला, आणि 2000च्या वसंतात स्मोल्ट्झच्या कोपराच्या अस्थिबंधावर शस्त्रक्रिया झाली.

(दृश्य: कूपर्सटाउन. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या भिंतीवर मॅडक्स, ग्लॅव्हिन आणि स्मोल्ट्झ यांच्या कांस्य पट्ट्या. 2014, 2015. काही क्षण निवेदन नाही.)

(दृश्य: आजचं एक बुलपेन, सकाळ. एक तरुण पिचर, त्याचे चेंडू झेलणारा एक कॅचर, कुंपणाला टेकलेला प्रशिक्षक.)

परवा रात्री याने सहा इनिंग टाकल्या. खांदा अजून थोडा आखडलेला आहे. आज साठ टक्के जोर. कॅचरने ग्लव्ह बाहेरच्या कडेला, गुडघ्याशी धरलाय.

पहिला चेंडू वर गेला. प्रशिक्षक त्याच्या पुढच्या पायाकडे बोट दाखवतो. पिचर मातीतली आपली जुनी खूण पाहतो. आजचा पाय तिच्या चार बोटं अलीकडे पडलाय.

तो मागे जाऊन रबरावर उभा राहतो. ग्लव्ह तिथेच आहे.