राखेखालचं होया दे सेरेन

श्रोतेहो, नमस्कार.

मध्य अमेरिकेत एल साल्वादोर नावाचा चिमुकला देश आहे. त्याची राजधानी सान साल्वादोर. तिथून सुमारे ३५ किलोमीटरवर, सापोतितान खोऱ्यात, एका कोठीच्या खोपीत कुणीतरी एक बदक बांधून ठेवलं होतं. ही गोष्ट सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीची. संध्याकाळची जेवणं नुकतीच उरकली होती. भांडी घासायची राहिली होती, झोपायच्या चटया अजून अंथरलेल्या नव्हत्या. तेवढ्यात जवळच, किलोमीटरभराच्याही आत, जमीन फुटली. लोमा काल्देरा नावाच्या ज्वालामुखीच्या मुखातून वाफ आणि राख उसळू लागली. माणसं जीव घेऊन पळाली. बदकाची दोरी सोडायचं भान कुणाला राहिलं नसावं. आज त्याचा सांगाडा तेवढा मिळाला. माणसांचे देह मात्र घरांमध्ये सापडले नाहीत, आणि ते वाचून मला फार बरं वाटलं होतं.

या गावाला आज होया दे सेरेन म्हणतात. राखेचे थरावर थर बसत गेले, काही ठिकाणी पाच-सहा मीटर. आणि त्या राखेनं गाव जसंच्या तसं राखलं.

माया संस्कृती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंच पिरॅमिड आणि कोरीव शिलालेख येतात. ती राजांची स्मारकं. होया दे सेरेन हे शेतकऱ्यांचं गाव. कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर. कोकणातल्या श्रोत्यांना कूड काय ते सांगायला नको: उभ्या काठ्या रोवायच्या, आडव्या बांधायच्या आणि वरून माती लिंपायची. तिथे याला बाहारेके म्हणतात. प्रत्येक कुटुंबाचं राहतं घर वेगळं, स्वयंपाकाची खोपी वेगळी आणि कोठी वेगळी. आढ्याला मिरच्या टांगलेल्या, मडक्यांत घेवड्याचे दाणे साठवलेले. ऑब्सिडियन या काळ्या ज्वालामुखी काचेची धारदार पाती छपराच्या गवतात वर खोचून ठेवलेली, पोरांचा हात पोचू नये म्हणून. आपल्याकडे विळा असाच वाशात खोचतात ना? काही वाडग्यांत तर अन्न पुसून खाल्लेल्या बोटांच्या खुणाही राहिल्या आहेत.

शेतंही वाचली. झाडं कुजून गेली, पण राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांत दातांचे डॉक्टर वापरतात ते प्लास्टर ओतलं, आणि मक्याची ताटं उभी राहिली. दाणा वाळावा म्हणून ती मधोमध वाकवलेली होती. त्यावरून स्फोटाचा महिना ऑगस्टच्या आसपासचा असावा, असं अभ्यासक सांगतात. २००७ साली कसाव्याचं शेत मिळालं. आपला साबुदाणा होतो तो हा कंद. काढणी होऊन पुन्हा लागवड केलेली, आणि लगेच वरून राख.

हे सगळं सापडलं १९७६ मध्ये. धान्याचे सायलो बांधायला जमीन सपाट करत असताना बुलडोझर एका घराला भिडला. पाहणी झाली, पण छपराचं गवत इतकं टिकून होतं की घर अलीकडचं असावं असं ठरलं आणि काम पुढे चालू राहिलं. काही घरं तिथेच गेली. १९७८ मध्ये पेसन शीट्स हे पुरातत्त्वज्ञ आले, त्यांनी त्या गवताची कार्बन चाचणी करून घेतली आणि वय शतकांत निघालं. पुढे देशात यादवी युद्ध पेटलं, उत्खनन थांबलं, आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा सुरू झालं.

त्याच युद्धाच्या काळात देशाच्या पश्चिमेला कारा सुसिया इथे काय चाललं होतं, तेही ऐका. लुटारूंनी त्या प्राचीन वस्तीत खड्डेच खड्डे पाडले आणि निघेल ती वस्तू परदेशी बाजारात विकली. अमेरिकेनं १९८७ मध्ये या भागातल्या प्राचीन वस्तूंच्या आयातीवर तातडीची बंदी घातली. तिथल्या कायद्याखालची ती अशी पहिलीच बंदी. १९९५ मध्ये दोन्ही देशांत रीतसर करारही झाला. दरम्यान एल साल्वादोरनं १९९३ मध्ये सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी खास कायदा केला, आणि त्याच वर्षी होया दे सेरेन जागतिक वारसा यादीत गेलं. त्या देशाचं हे यादीतलं एकमेव स्थळ.

करार, कायदे हवेतच. पण कारा सुसियाचं मडकं उद्या परत आलं, तरी ते कुठल्या चुलीपाशी होतं, त्यात दाणे होते की पाणी, हे आता कधीच कळणार नाही. सेरेनचं साधं मडकं आपल्याशी बोलतं, कारण ते जागेवर सापडलं. मला वाटतं, चोर मडकं नेतो त्यापेक्षा मोठी चोरी त्या जागेची असते. काचेच्या कपाटात ती परत ठेवता येत नाही.

आणि जे जागेवर आहे, ते तरी कुठे निर्धास्त आहे? राखेखाली मातीच्या भिंतींना ऊन नव्हतं, वारा नव्हता. उघड्यावर आल्याबरोबर दमट हवा, क्षार, शेवाळं आणि किडे लागले. तिथे मे ते ऑक्टोबर पाऊस कोसळतो. म्हणून उत्खनन झालेल्या घरांवर मोठमोठी छपरं उभारली आहेत, पण छपराखालचा ओलावा कमीजास्त होत राहिला की मातीचे पापुद्रे सुटतात. त्यात हा भूकंपांचा देश. २००१ च्या जानेवारीत आणि फेब्रुवारीत, महिन्याभरात दोन मोठे भूकंप झाले. त्याच सुमारास गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूट ही वारसा जतन करणारी अमेरिकेतली संस्था आणि एल साल्वादोरचं सरकार मिळून या स्थळाचा व्यवस्थापन आराखडा तयार करत होते. उकरायचं किती आणि कसं, पाणी कुठून काढायचं, आसपासच्या गावकऱ्यांना कसं सामील करून घ्यायचं, असली कामं त्यात येतात. दगडी मंदिराला जे पन्नास वर्षांतून एकदा लागतं, ते मातीच्या घराला दर पावसाळ्यात लागतं. शेणामातीची भिंत दरवर्षी लिंपणाऱ्या घरात जे वाढले, त्यांना हे चटकन समजेल.

सेरेनमध्ये आतापर्यंत अठराएक बांधकामं ओळखली गेली आहेत, पण सगळी उकरलेली नाहीत. जमिनीत लहरी सोडून खालचा अंदाज घेणारं रडार वापरलं की न खणताही भिंत कुठे असेल ते समजतं. कुतूहल मलाही आहे. तरी ती घरं सध्या राखेखालीच राहावीत, असं मला मनापासून वाटतं. तिथे कुणाच्या चुलीवर काय राहिलं, कुणाच्या छपरात काय खोचलेलं आहे, आज कुणाला ठाऊक नाही. पण ते जिथे ठेवलं होतं, तिथेच आहे.

नमस्कार.